नकाराचें पत्र आणि विवाहाची नोंद

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं परदेशीं राहणाऱ्या कोणी तरी दोन शब्द बोलावे अशी उत्सवसमितीची इच्छा होती, व ती कामगिरी आम्हां उभयतांवर आली. आम्ही वक्ते नव्हे. विद्वान तर मुळींच नव्हे. तरी ज्या वेदीसमोर आमचा विवाह लागला, तिच्याच छायेंत उभें राहून आपला एक अनुभव सांगावा व त्यांतून कोणाचें कांहीं हित व्हावें, एवढाच आमचा हेतु आहे.

आपल्या भागांतून युरोपांत गेलेलीं कुटुंबें आज थोडीं नाहींत. गोवा, दमण व दीव हे प्रदेश १९६१ च्या डिसेंबरांत भारतांत सामील झाले. त्यापूर्वीं तेथें जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस पोर्तुगालचें नागरिकत्व मागण्याची वाट त्या देशाच्या कायद्यानें खुली ठेविली आहे. आम्हां दोघांपैकीं पत्नीचे वडील त्या काळीं बारदेशांत जन्मलेले. त्यामुळें ती पोर्तुगीज नागरिक झाली, आणि आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नसल्यानें तिचें भारतीय नागरिकत्व गेलें. पति वसईच्या वाडींत वाढलेला. त्याचा पासपोर्ट भारतीयच राहिला.

युरोपीय संघाचा २००४ सालचा ३८ क्रमांकाचा निर्देश आहे. संघांतील एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशांत जाऊन कामधंदा करूं लागला, म्हणजे त्याच्या पत्नीस किंवा पतीस, ती व्यक्ति कोणत्याहि देशाची असो, त्याच्यासह राहण्याचा हक्क या निर्देशानें दिला आहे. अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आंत निवासपत्र मिळावें असेंहि त्यांत सांगितलें आहे. आम्ही पोर्तुगालला न जातां संघांतील दुसऱ्या एका देशांत गेलों. पत्नीस वृद्धाश्रमांत काम मिळालें व पतीच्या नांवें अर्ज केला.

पांचव्या महिन्यांत उत्तर आलें. तो नकार होता.

त्या रात्रीं आमच्या घरीं चूल पेटली नाहीं. गांवीं कोणास कळवावयाचें नाहीं, असें आम्हीं ठरविलें. लोक काय म्हणतील, ही भीति समुद्र ओलांडून आमच्यासोबत आलीच होती. पत्र पवित्र शास्त्राच्या खालीं ठेविलें व दुसऱ्या दिवसापासून नोव्हेना आरंभिला. नऊ दिवस आम्हीं गुडघे टेकून प्रार्थना केली. पण त्या नऊ दिवसांत पत्र मात्र एकदांहि उघडून वाचलें नाहीं.

दहाव्या दिवशीं मिस्सा आटोपल्यावर आपल्याकडच्याच एका वयस्क परिचारिकाबाईंनीं आमचे चेहरे पाहून विचारपूस केली. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, “बाळांनो, प्रार्थना केलीत तें बरें केलेंत. पण पत्रांत कारणें कोणतीं दिलीं आहेत?” आम्हांला सांगतां येईना. “आणि अपिलाची मुदत किती?” तेंहि सांगतां येईना. घरीं येऊन पाहिलें, तों मुदतीचे निम्मे दिवस संपत आले होते.

बंधुभगिनींनो, आज सांगावयाचें तें हेंच. नकाराचें पत्र म्हणजे आपल्या विवाहावर झालेला अखेरचा निवाडा, असें आम्ही समजून बसलों होतों. वस्तुतः तो एक प्रश्नांचा कागद होता. त्याच निर्देशाच्या ३० व्या कलमाप्रमाणें नकार लेखी द्यावा लागतो, त्याचीं कारणें नेमकीं व पूर्णपणें लिहावीं लागतात, आणि दाद कोठें व किती दिवसांत मागावी तेंहि कळवावें लागतें. ३१ व्या कलमानें न्यायालयापर्यंत जाण्याची वाट दिली आहे. मुदत देशोदेशीं निराळी असते. आयर्लंडांत २०१५ च्या नियमांप्रमाणें फेरविचाराचा अर्ज कामाच्या १५ दिवसांत करावा लागतो. जर्मनींत सामान्यतः एक महिना असतो. ती एकदां चुकली, म्हणजे खरी बाजूहि लंगडी पडते.

आमच्या पत्रांत तीन कारणें होतीं. पहिलें, विवाहाचा पुरावा अपुरा. आम्हीं केवळ चर्चचा दाखला जोडला होता, आणि त्यांतील पत्नीच्या आडनांवाचें स्पेलिंग तिच्या पासपोर्टाशीं जुळत नव्हतें. आम्हीं येथें कळवितांच फादरांनीं त्याच आठवड्यांत नोंदवही उघडून उतारा पाठविला. वधूवरांचीं नांवें, विवाह लावणारा धर्मगुरु, साक्षीदार, स्थळ व दिनांक हीं सर्व त्या वहींत लिहिलींच पाहिजेत, असा चर्चच्या कायद्याचा दंडक आहे. त्याचें मोल आम्हांला त्या दिवशीं कळलें. सरकारी निबंधकाचा दाखला काढून त्यावर अपॉस्टिलचा शिक्का घेतला, कारण त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारांत आपला देश २००५ पासून सामील आहे. आडनांवाच्या फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र जोडलें.

दुसरें कारण, पत्नीच्या नोकरीचा पुरावा थोडा. दोनच महिन्यांचीं पगारपत्रकें दिलीं होतीं. नेमणुकीचा करार, कराचे कागद व मालकाचें पत्र दिल्यावर ती शंका मिटली.

तिसरें कारण मात्र काळजांत शिरलें. आमचे पत्ते दोन आढळल्यावरून हा विवाह केवळ निवासपत्रासाठीं झाला असावा, असा संशय त्यांत होता. खरी गोष्ट अशी कीं, वृद्धाश्रम दुसऱ्या गांवीं होता व पत्नीस आठवड्यांतून चार रात्री तेथेंच राहावें लागे. या ठिकाणीं आमची खरी परीक्षा झाली. एका गृहस्थानें सुचविलें कीं, मागील तारखेचा भाडेकरार करून दोघांचा पत्ता एकच दाखवा. कागद तयार करून देण्यासहि तो सिद्ध होता. आम्ही मोहांत पडलों नाहीं असें म्हणणें खोटें होईल. एक रात्र आम्हीं त्याचा विचार केला. पण ज्या विवाहाची साक्ष देवासमोर दिली, त्याच्या रक्षणासाठीं खोटी साक्ष कशी द्यावी? शिवाय लबाडीनें मिळविलेला हक्क काढून घेण्याची मुभा त्याच निर्देशाच्या ३५ व्या कलमानें सरकारांना दिली आहे. खोट्या कागदानें आमचा खरा विवाहहि खोटा ठरला असता.

आम्हीं घडलें तसेंच लिहिलें. पत्नीच्या पाळ्यांचें वेळापत्रक, दर आठवड्याचीं रेल्वेचीं तिकिटें व ओळखीच्यांचीं पत्रें जोडलीं. एका वकिलानें आमच्या अर्जांत १९८५ सालच्या एका निवाड्याचा आधार घेतला. जर्मनींत राहणाऱ्या एका फ्रेंच नागरिकाच्या सेनेगाली पत्नीच्या प्रकरणांत, दांपत्यानें सदैव एकाच छपराखालीं राहिलें पाहिजे अशी अट नाहीं, असें लक्झेंबर्गच्या न्यायालयानें ठरविलें होतें. त्याच न्यायालयानें १९९२ सालीं सुरिंदर सिंग या आपल्या देशबांधवाच्या प्रकरणांतहि विवाहितांच्या बाजूनें निर्णय दिला. ब्रिटिश पत्नीसह जर्मनींत काम करून ब्रिटनला परतल्यावर, तिच्यासोबत राहण्याचा हक्क त्यास होता, असें त्यांत म्हटलें आहे. मोठमोठ्या सरकारांपुढें साधीं माणसें उभीं राहूं शकतात, याचा आम्हांला त्यांतून धीर आला.

चार महिन्यांनीं नकार मागें घेतला गेला. कोणा अधिकाऱ्यावर आमचा रोष नाहीं. पहिला अर्ज आम्हींच उणा केला होता. सर्वांचेंच असें होईल, अशी ग्वाही आम्ही देत नाहीं. ब्रिटनमध्यें तर २०२० च्या अखेरीस हा मुक्त संचाराचा कायदा संपला. तेथें नव्यानें जाणाऱ्यांनीं जुन्यांच्या अनुभवावर विसंबूं नये.

महोत्सवाच्या या दिवशीं आमची विनंति इतकीच. तरुणांनो, विवाहाच्या वेळीं नोंदवहींत सही करण्यापूर्वीं आपल्या नांवाचें अक्षर न् अक्षर तपासा. परदेशीं नकार आला, तर त्याच दिवशीं पत्र पूर्ण वाचा, मुदत लिहून ठेवा, जाणत्याचा सल्ला घ्या, आणि खोट्याच्या वाटेस जाऊं नका. आईबापांनो, मुलांवर असा प्रसंग आला तर त्यांना लाज वाटूं देऊं नका. लाजेपायीं आमचे नऊ दिवस गेले.

आम्ही अजूनहि नोव्हेना करतों. आतां मात्र पत्र आधीं उघडतों, आणि मग गुडघे टेकतों. पन्नास वर्षें ज्या धर्मग्रामानें आपल्या सुखदुःखांची नोंद प्रामाणिकपणें राखिली, त्याची वही अशीच सत्यानें भरत राहो, आणि पवित्र कुटुंबाची कृपादृष्टि आपल्या दूरच्या व जवळच्या सर्व घरांवर असो, एवढें मागून आम्ही आपली रजा घेतों.