बिल कुठं अडलंय?



पुढच्या रांगांत वीस-बावीस वर्षांची बरीच मुलंमुली दिसताहेत. मला दिलेला विषय आहे 'नव्या उद्योजकांना चार गोष्टी'. मी एकच सांगणार आहे. भांडवल कसं उभं करावं, कल्पना कुठून सुचते, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी शिरोली एमआयडीसीत व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आसपासचे जे शेड बंद पडलेले पाहिले, त्यातल्या बहुतेकांकडे काम होतं. माल चांगला होता. बिलंही झालेली होती. पैसे मात्र आले नव्हते. म्हणून आज बोलायचं ते उधारीवर.

आधी हिशेब बघा. समजा, तुम्ही महिन्याला २ लाखांचा माल देता. कच्चा माल, पगार, वीज, भाडं धरून खर्च १ लाख ७० हजार. कागदावर ३० हजार सुटले, घरी आनंद. पण गिऱ्हाईक चार महिन्यांनी पैसे देतं. म्हणजे पहिलं बिल वसूल होईपर्यंत ६ लाख ८० हजार रुपये तुमच्या खिशातून गेलेले असतात. कच्चा माल उधारीवर मिळाला तर थोडं कमी, पण नव्या माणसाला उधार कोण देतो? आता ऑर्डर दुप्पट झाली, तर हाच आकडा १३ लाख ६० हजारांवर जातो. धंदा वाढला की पैशाची चणचण वाढते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यात जीएसटी. २ लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी ३६ हजार. १ लाख १० हजारांच्या कच्च्या मालावर तुम्ही भरलेले १९ हजार ८०० वजा झाले, तरी १६ हजार २०० उरतात. ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे. गिऱ्हाइकानं तुम्हाला एक रुपया दिलेला नसला तरी भरायचे.

माझ्या तिसऱ्या वर्षी एका मोठ्या कंपनीनं ऑर्डर दुप्पट केली. मी शेडमध्ये पेढे वाटले. चार महिन्यांनी बायकोच्या पाटल्या बँकेत गहाण होत्या. तीन बिलं अडकली होती आणि मी दर सोमवारी त्या कंपनीच्या अकाउंट्सबाहेरच्या बाकावर बसायचो. उत्तर ठरलेलं: "तुमचं बिल आमच्याकडे आलेलंच नाही." मला वाटायचं, हा माणूस खोटं बोलतोय. एक दिवस कंटाळून उठलो आणि मागच्या बाजूला स्टोअर्समध्ये गेलो. तिथल्या वयस्कर कारकुनानं फाइल काढून चलन समोर ठेवलं. ऑर्डर होती ५०० नगांची. मी पाठवले होते ५१२. एखाद-दुसरा नग नापास झाला तर गिऱ्हाइकाची अडचण नको, म्हणून बारा जास्तीचे घातले होते. त्यांच्या संगणकात ५०० वर एकही नग चढत नव्हता. माल आत घेतल्याची नोंद नाही, म्हणून बिल पुढे सरकलं नाही. तिन्ही चलनांची हीच गत. अकाउंट्सवाला खरंच बोलत होता! मला एवढंच लागलं की चार महिन्यांत तिथल्या कुणालाही एक फोन करावासा वाटला नाही. पण मीही चार महिने चुकीच्याच दारात बसलो होतो. पाटल्या सोडवायला पुढे चौदा महिने लागले.

तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाकडे पहिला माल घेऊन मी स्वतः जातो. गेटवर चलनावर शिक्का कोण मारतो, तपासणी कोण करतो, आवक कोण चढवतो, बिलावर सही कुणाची लागते, पैसे सोडायचा वार कोणता, हे सगळं वहीत उतरवतो. त्या सगळ्यांना नावानं ओळखतो.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं. ते ८० रुपये सगळ्यांच्या लक्षात राहतात. ज्यांनी ते दिले, त्या छगनलाल पारेखांनी हे काम धंदा म्हणून करा आणि हिशेब चोख ठेवा असंही बजावलं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली; काम थांबलं नाही. मला ती खाट फार मोठी वाटते. आपला पैसा नेमका कुठं अडतो, हे त्या बायकांनी शोधलं आणि तिथंच उपाय केला. त्यांचा पावसात अडत होता, माझा स्टोअर्समधल्या फायलीत.

कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आणखी एक पाचर मारली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि माल देण्याआधी करा, भांडण झाल्यावर नको.

तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. पण ज्याच्या एकट्याच्या जिवावर आपलं शेड चालतं, त्याच्यावर दावा लावायला हात धजत नाही, हे मी जाणतो. म्हणून सांगतो, उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि ४५ दिवसांची अट पहिल्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नंतर मागितलं तर ती कुरकुर वाटते.

मागणं आपल्याला जड जातं. माझी आई म्हणायची, पैशासाठी कुणाच्या दारात उभं राहू नये. ती उसन्या पैशांबद्दल बोलत होती. मी ते माझ्या घामाच्या पैशांनाही लावलं आणि तीन वर्षं मान खाली घालून बसलो. वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी उघड टांगलेली असते. तो लाजत नाही. आता दर शनिवारी अकरा वाजता मी वही उघडतो आणि फोन लावतो. "साहेब, तुमचं बिल क्रमांक अमुक, तमुक तारखेचं, आज तिसावा दिवस. कुठं अडलंय का? माझा काही कागद कमी असेल तर लगेच पाठवतो." एवढंच. आवाज चढवत नाही, अजिजीही करत नाही. बहुतेक वेळा खरंच एखादा कागद कमी असतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या हातात पहिली ऑर्डर आली आहे, त्यांनी तो कागद उद्या सोबत आणा. पैशाच्या अटी कुठं बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात, ते दाखवतो. उद्याचं व्याख्यान ऐकायला मी येणारच आहे. सहाला येऊन मंडपाच्या डाव्या बाजूला, चहाच्या टेबलापाशी बसलेला असेन.