गावाची आठवण कागदावर यावी

(कोथरूड येथे मदतनिसांच्या सभेत केलेले भाषण)



आज मी पाड्यांवरील कामाचा हिशेब न देता गावांच्या इतिहासाविषयी बोलणार आहे. शाळा, औषध, पाणी यांची गरज असताना इतिहास कशाला, असे कोणाला वाटेल. म्हणूनच हा विषय घेतला.

नारोशंकराची घंटा आपण सर्वांनी ऐकून तरी माहीत करून घेतलेली आहे. नाशिकला गोदाकाठच्या देवळातील ही घंटा मूळची चर्चची. १५३४ पासून पोर्तुगिजांकडे असलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, तर भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. पुढे ५३ वर्षांनी, १७९२ मध्ये, सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांसाठी पुण्यात चर्चला जागा दिली. तेच आजचे नाना पेठेतील सिटी चर्च. हे सारे आपल्याला कळते, कारण कुठे धातूवर साल कोरलेले आहे, कुठे दप्तर राखलेले आहे.

आपले कोथरूडही एके काळी शेतांचे गाव होते. म्हातोबाचे देऊळ आजही आहे, पण शेतांची नावे सांगणारे थोडेच उरले. तरी इथल्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर होती. जंगलातील पाड्यांना बहुधा तोही आधार नसतो.

भीमाशंकरच्या आसपास महादेव कोळी समाजाची गावे आहेत. आहुप्याची देवराई त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानात कोणी कुऱ्हाड चालवत नसे. पुण्याचे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, म्हणून त्यांची काही माहिती छापून आली. पण प्रत्येक पाड्यावर शास्त्रज्ञ पोहोचत नाही. याच भागात डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याचे नाव राहिले, गाव राहिले नाही.

आता मुख्य मुद्दा. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना कसत असलेल्या वनजमिनीवर आणि गावाच्या सामाईक जंगलावर हक्क मागता येतो. त्यासाठी पुरावा लागतो. नियमांनी सरकारी कागदांबरोबरच विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे हेही पुरावे मानले आहेत. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचे लेखी निवेदनही चालते. म्हणजे आजीला आठवणारी झऱ्याची जागा ही नुसती गोष्ट नाही, ती नातवाच्या शेताचा आधार आहे. आजी गेली की तो आधारही गेला.

म्हणून माझी विनंती अशी. आपण ज्या पाड्यांना मदत करतो, तिथे एक जाड वही ठेवावी. वस्ती कधी बसली, झरे कोणते, हिरडा कुठे गोळा करतात, पूर्वज कुठे पुरले, देवराईची हद्द कुठवर, हे वृद्धांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावे. सांगणाऱ्याचे नाव, तारीख, सही किंवा अंगठा घ्यावा. लिहिणारी मुले त्याच पाड्यावरची असावीत. वही ग्रामसभेची राहील, आपली नव्हे. तिच्यातले काय बाहेर द्यायचे ते गावच ठरवील.

एवढ्याने दावा मंजूर होईल असे मी म्हणत नाही. नियमाप्रमाणे एकाहून अधिक पुरावे पाहिले जातात. पण वहीतली नोंद त्यातला एक ठरू शकते.

तुमच्यापैकी अनेकजण शिक्षक होते, काहींनी कचेरीत दप्तर सांभाळले. नोंद नीट कशी करावी हे तुम्हाला पाड्यावरच्या मुलांना शिकवता येईल. पैशाइतकीच त्या मदतीची आज गरज आहे. पावसाळ्यापूर्वी दोन दिवस कोण येऊ शकेल, त्यांनी सभेनंतर नाव द्यावे.