गावाचे आरोग्य, गावाच्या हाती

(नांदेड येथे ग्रामीण आरोग्याच्या कामातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आरंभीच एक कबुली देतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा मी उमेदवारी करणारा वार्ताहर होतो. मदतीचे किती ट्रक आले, याची बातमी मी रोज देत असे. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले मी पाहिले. पण गावकऱ्यांना नेमके काय हवे आहे, हे विचारावे असे मला सुचले नाही. देणाऱ्यांची मोजदाद मी केली, घेणाऱ्यांचे म्हणणे मात्र ऐकलेच नाही.

पुढे पुनर्वसनाच्या काळात माझी दृष्टी बदलली. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. भूकंपात टिकेल असे घर कसे बांधावे, शासनाचे साहाय्य कसे मिळवावे, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. २००१ साली भुज हादरले, तेव्हा याच भागातील स्त्रिया गुजरातेत धावून गेल्या. आठ वर्षांपूर्वी ज्या स्वतः ढिगाऱ्यातून सावरल्या होत्या, त्या आता इतरांना सावरत होत्या. दान आणि भागीदारी यांतील अंतर मला तेथे उमगले. दानाने आजची गरज भागते. भागीदारीने घेणारा उद्याचा देणारा होतो.

लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाची कथा आपणांस परिचित आहे. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी ते सुरू केले, तेव्हा लातूर जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. जिल्हा झाला तो १९८२ साली. त्या डॉक्टरांची ध्येयनिष्ठा मोठीच. पण समाजाने ते काम आपले मानले नसते, तर ते इतकी दशके टिकले नसते. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी नागरिकांनी लोकवर्गणी उभारून मांजरा नदीच्या सुमारे १८ किलोमीटर पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेतले. त्या 'जलयुक्त लातूर' उपक्रमाचे नेतृत्वही डॉ. कुकडे यांच्याकडेच होते. शुद्ध पाण्यावाचून आरोग्य नाही, हे शल्यचिकित्सकाहून अधिक कोण जाणणार?

आता आपल्या नांदेडकडे वळू. २०२३च्या ऑक्टोबरच्या प्रारंभी येथील शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. कारणांविषयी वाद झाले. अत्यवस्थ रुग्ण दूरवरून उशिरा येतात, हेही सांगितले गेले. रुग्णालयाच्या उणिवांचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे. पण बाळ निस्तेज दिसताच आईला सावध करणारे, रात्री वाहनाची सोय करणारे कुणी गावात होते काय, हा प्रश्न आपणांसाठी आहे.

डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले आणि बालमृत्यू लक्षणीय घटले. २००५ पासून 'आशा' कार्यकर्ती गावोगावी आली. आफ्रिकेतील इथिओपियानेही २००३ पासून गावातील तरुणींना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेचा भार त्यांच्यावर सोपविला. परिस्थिती वेगळी, परंतु सूत्र एकच : ज्या गावाचे दुखणे, त्याच गावातला माणूस.

कायद्याने आणि योजनेने बरेच दिले आहे. गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची तरतूद आहे. आपल्या गावातील समितीची बैठक शेवटची केव्हा झाली, हे येथून परतल्यावर विचारा. आशाताईंना रात्री-अपरात्री सोबत कोण करते, तेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर त्या बैठकीला आपणच जाऊन बसा. बोलण्याआधी तेथील आयाबायांचे ऐका. तीस वर्षांपूर्वी मी जे विचारले नाही, ते आपण विचारावे, एवढीच विनंती.