मोहोळ उठतं तेव्हा



आम्ही चौथी शिकलेले. रात्री कीर्तन, सकाळी औत, एवढीच आमची विद्या. शंभर वर्षांच्या दिंडीवर बोला म्हणालात, तर आम्ही बांधावरच्या सातेरीच्या पोळ्याचं सांगतो.

सातेरी ढोलीतल्या अंधारात राहणारी माशी. फुलोरा चांगला आला की माशा वाढतात, ढोली पुरत नाही. मग कामकरी माशा पोळ्याच्या कडेला राणीची घरं बांधतात. नवी राणी निघायच्या आतच जुनी राणी बऱ्याच माशा घेऊन उठते. भरला मध, तयार घर, वाढती पिल्लं सगळं मागं ठेवून. नेतात तो पोटात मावेल तेवढा मध. लोक अशा मोहोळाला भितात, पण फांदीला लटकलेली ती माशी सहसा चावत नाही. राखायला घरच नसतं ना!

नवी जागा राणी ठरवत नाही. काही माशा हिंडून ढोल्या बघतात, परत येऊन नाचून सांगतात. जागा चांगली तर नाच जास्त. बाकीच्या जाऊन पारखतात, आणि पुरेशा माशा एका जागेवर जमल्या की सगळं मोहोळ निघतं.

आणि राणी अचानक मेली तर? साध्या कामकरणीच्या कोवळ्या अळीला राजखाद्य चारून नवी राणी करतात. मात्र कोवळी अळीच नसली, तर ते पोळं संपलं म्हणून समजा.

आता आपलं. 2020 साली पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, वारी काही मोडली नाही. बैलगाडीचा ट्रक झाला, तेही पचलं. अडलंय ते तंबूपाशी. मंडळी वाढली, एका मुक्कामात मावत नाहीत. जुने म्हणतात, मूळ तंबू आमचा, पोरांनी नवा मांडावा. पण माशांत घर सोडते ती जुनी राणी. म्हणून आम्ही साठी ओलांडलेल्यांनी ठरवलंय, की तंबू, भांडी, ट्रक, हिशेबाची वही पोरांकडं. शिधा तेवढा थोडा घेऊन आम्ही बाजूला निराळी चूल मांडू. पालखीतला दिंडीचा नंबर एकच राहील, मुक्काम दोन होतील.

वीणा कुणाच्या गळ्यात, एवढंच राहिलंय. ते एकादशीच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवू. बायामंडळींनीही यावं, चूल त्यांनाच ठाऊक.