गरज, मागणी, पुरवठा: मानसशास्त्राच्या पदवीधरांपुढील हिशेब

मानसशास्त्राच्या मनुष्यबळाचा विचार करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. किती माणसांना मानसिक आरोग्याची मदत हवी आहे, ही गरज. त्यांपैकी किती जण मदत मागायला येतात आणि किती संस्था त्यासाठी पगारी जागा काढतात, ही मागणी. मदत करण्याइतकी शिकलेली माणसे किती आहेत आणि कुठे आहेत, हा पुरवठा. दीक्षान्त समारंभात दिल्या जाणाऱ्या प्रत्येक पदवीने पुरवठ्यात एका माणसाची भर पडते. गरज आणि मागणी सभागृहाबाहेर, अहिल्यानगर जिल्ह्याच्या गावांत असतात.

गरजेचा अंदाज राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत ते केले. सर्वेक्षणाच्या वेळी 10.6 टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारागणिक 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना होते. महाराष्ट्र त्या 12 राज्यांत नव्हता. तरीही ते प्रमाण लावून पाहिले, तर 2,000 प्रौढांच्या गावात सुमारे 200 जणांना मदतीची गरज असावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये राज्यात 22,746 आत्महत्या झाल्या. देशातील इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात ही गरज सगळीकडे सारखी नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा 17,048 चौरस किलोमीटर आणि 14 तालुक्यांत पसरला आहे. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 45 लाखांवर होती. उत्तरेला प्रवरेच्या कालव्यांचे पाणी आणि साखर कारखाने, तर दक्षिणेला पर्जन्यछायेतले कोरडवाहू तालुके. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या हंगामभर बाहेर असतात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात किंवा शाळा सोडून फडावर जातात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता थांबत नाही. अकोले तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर अंतर हीच पहिली अडचण ठरते. एका साच्यातला समुपदेशक या सगळ्या ठिकाणी पुरा पडणार नाही.

गरज इतकी मोठी असूनही मागणी लहान राहते, याची कारणे ठळक आहेत. त्रास मनाचा म्हणून सांगितलाच जात नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग मोडून येते, अशा शब्दांत तो दवाखान्यात पोचतो आणि टॉनिक किंवा सलाईनवर परत जातो. काही घरांत बाहेरची बाधा समजून आधी देवऋषी गाठला जातो. उपचार म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे सोयरीक मोडणे, ही भीती बोलणे अडवते. शिवाय तालुक्याहून शहरात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते.

मागणीचा दुसरा भाग धोरणातून तयार होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याने शासनाच्या किंवा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. अशी प्रत्येक तरतूद अबोल गरजेचे भरण्याजोग्या जागेत रूपांतर करते; मात्र त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा लागतो.

पुरवठ्याची घडी उलटी आहे. मनोविकारतज्ज्ञ मोजके आहेत: सर्वेक्षणातील राज्यांपैकी केरळ सोडले, तर कुठेही लाख लोकांमागे एक असे प्रमाण गाठलेले नव्हते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिच्या मान्यतेच्या अभ्यासक्रमांत जागा थोड्या असतात. याउलट मानसशास्त्रात एम. ए. झालेल्या अनेकांना देखरेखीखालच्या सरावाअभावी काम मिळत नाही. म्हणजे गावात समुपदेशक नाही आणि पदवीधराला नोकरी नाही, या दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात एकाच वेळी खऱ्या असतात. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञांना नियमनाच्या कक्षेत आणले. 2025 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ शिक्षणही थांबवले. त्यामागे दर्जाचा विचार आहे. पण घर सांभाळून शिकणाऱ्या ग्रामीण स्त्रियांची एक वाटही त्याने बंद झाली, म्हणून नियमित महाविद्यालयांची जबाबदारी वाढली आहे.

समतोल साधण्याचा मार्ग याच जिल्ह्याने दाखवला आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. प्रशिक्षण एकदाच देऊन थांबले नाही. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येऊन शिकत राहिल्या. डॉक्टरांची संख्या न वाढवताही सेवा दारापर्यंत पोचली. मनाच्या आरोग्यातही हे शक्य आहे. गोव्यातील संगथ संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला आणि नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा लाभ अधिक झाल्याचे चाचणीत दिसले.

या रचनेत पदवीधराची जागा मधली आणि मोलाची आहे. गावपातळीवर आशा कार्यकर्ती त्रास ओळखते. समुपदेशक ऐकतो, कार्यकर्त्यांना शिकवतो, त्यांच्या कामावर देखरेख ठेवतो. औषधाची गरज किंवा आत्महत्येचा धोका दिसताच रुग्ण जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे जातो. रात्रीअपरात्री 14416 या क्रमांकावरची टेली-मानस सेवा उपलब्ध असते. आपल्या प्रशिक्षणाची हद्द ओळखून रुग्ण वेळेवर पुढे पाठवणे हा या व्यवसायाचा धर्म आहे.

त्यामुळे जिल्ह्याच्या हिशेबात तीन कामे एकदम चालावी लागतात. गरज तालुकावार मोजली जावी, शाळा, आरोग्य केंद्रे आणि कारखान्यांच्या परिसरात पगारी जागा निघाव्यात, आणि महाविद्यालयांनी पदवीआधीच देखरेखीखालचा सराव द्यावा. यांतले एकही मागे पडले, तर उरलेली दोन वाया जातात.