कुंथलगिरीचा पेढा


उत्तम पेन, उत्तम घड्याळ ही रोजची चैन मानतात.
धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात ही चैन खाण्यात आहे.
ती म्हणजे कुंथलगिरीचा खवा आणि पेढा.

हा भाग बालाघाटाच्या डोंगररांगेतला, कमी पावसाचा.
शेतीला दुधाची जोड लागतेच.

भट्टीवरच्या कढईत दूध आटवतात.
ते सतत हलवावं लागतं.
तळ आणि कडा खरवडत राहावं लागतं.
हात थांबला, की दूध तळाला लागतं.
करपट वास मग अख्ख्या घाणात उतरतो.

म्हशीच्या साधारण 5 लिटर दुधाचा
जेमतेम 1 किलो खवा होतो.
गोळा कढईची कड सोडू लागला,
की आच कमी करायची.

पेढ्यासाठी हाच खवा पुन्हा भाजतात.
इथंही तेच, हात थांबवायचा नाही.
भाजताना खव्याला तपकिरी रंग चढतो, खमंग वास येतो.
चांगला पेढा किंचित रवाळ असतो.
मोडला, की बोटांना तूप लागतं.
नुसता गोड पेढा काय, कुठंही मिळतो.

कुंथलगिरी हे जैन सिद्धक्षेत्र.
कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं हे निर्वाणस्थान.
दर्शनाला येणारे यात्रेकरू परतताना पेढे नेतात.
2024 मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

खवा मात्र फार टिकत नाही.
उन्हाळ्यात तो लवकर आंबतो.
भाजणी आणि साखर यांमुळे पेढा जास्त दिवस राहतो.