तापलेल्या चिपचा हिशेब

गाझियाबादच्या रस्त्यांवर धावणारी ई-रिक्षा बहुधा 48 व्होल्टांच्या बॅटरीवर चालते, आणि रिक्षावाल्याचा संसार त्या रिक्षेवर. मोटारीचा प्रवाह उघडझाप करणाऱ्या मॉसफेटला इशारा देणारी गेट-ड्रायव्हर चिप तापून निकामी झाली, की दिवसाची कमाई बुडते. नुसती चिप बदलावी, तर नवीही जळण्याचा संभव. आधी हिशेब हवा.

वरच्या बाजूच्या मॉसफेटचे गेट बॅटरीहूनही सुमारे 12 व्होल्ट उंच न्यावे लागते. हा जादा दाब एक लहानसा कपॅसिटर पुरवितो. गेटचा विद्युत्भार 200 नॅनोकूलंब व उघडझाप सेकंदाला 20,000 वेळा धरल्यास गुणाकार येतो अवघा 0.048 वॅट. एवढ्याने चिप बोट भाजण्याइतकी तापत नाही. तापलीच, तर शेजारी पाहावे : मॉसफेटच्या गेटचा थर फुटलेला असेल, वा कपॅसिटर गळका. जळते ते नेहमीच अपराधी नसते.